जकात, घरपट्टी आणि दिल्ली: नाशिकमध्ये फिरणाऱ्या एका दाव्याची झडती

नाशिकच्या सोसायट्यांच्या, व्यापाऱ्यांच्या आणि प्रभागांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक लांबलचक मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. घरपट्टीची बिले वाटली गेली की त्याला नव्याने पाय फुटतात. गोषवारा असा: ७४व्या घटनादुरुस्तीने महापालिकेला स्वतःचे कर लावण्याचा घटनादत्त अधिकार मिळाला, संसदेने जीएसटी आणून नाशिकचा करकायदा मोडीत काढला, त्याची भरपाई पाच वर्षांत संपली, म्हणून घरपट्टी वाढते, शहरातल्या केंद्राच्या मिळकती दमडी देत नाहीत, आणि महासभेने मनावर घेतले तर एका ठरावात जकात परत आणता येईल, घरपट्टी शून्य करता येईल.

यातला राग खोटा नाही. शहराच्या तिजोरीची चावी शहराकडे नाही, हे खरेच आहे. पण ती कोणाकडे आहे हे मजकुराने भलतेच सांगितले आहे, आणि चुकीच्या दारावर धडका मारून दार उघडत नाही. तेव्हा एकेक दावा घेऊ.

दावा पहिला: ७४व्या घटनादुरुस्तीने कर लावण्याचा अधिकार महापालिकेला दिला

सगळा मजकूर या पायावर उभा आहे आणि पायाच कच्चा आहे. ही दुरुस्ती १९९२ ची. अंमलात आली १ जून १९९३ ला. तिने घटनेत भाग नऊ-अ घातला. त्यातले करांविषयीचे कलम २४३-एक्स उघडून पाहा. राज्याचे विधानमंडळ कायदा करून महापालिकेला कर लावण्याचे, वसूल करण्याचे आणि वापरण्याचे अधिकार देऊ शकेल, असे ते म्हणते. 'देऊ शकेल' या दोन शब्दांत सगळे आले. कोणते कर, कोणत्या रीतीने, कोणत्या मर्यादेत, हे सारे राज्याच्या कायद्याने ठरायचे. बाराव्या अनुसूचीतले १८ विषय अनेकजण पुरावा म्हणून पुढे करतात. ती कामांची यादी आहे: नगररचना, पाणीपुरवठा, अग्निशमन, स्मशानभूमी, कत्तलखाने वगैरे. करांचे त्यात नाव नाही. कामे शहराच्या गळ्यात आणि पैशाचा निर्णय राज्याच्या मर्जीवर, अशी ती वाटणी आहे.

नाशिक महापालिका ७ नोव्हेंबर १९८२ ला स्थापन झाली, म्हणजे या घटनादुरुस्तीच्या दशकभर आधी. ती तेव्हाही कर लावतच होती आणि ते ज्या कायद्याने लावत होती त्याच कायद्याने आजही लावते: महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९, ज्याचे आधीचे नाव मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम. त्याचे कलम १२७ करांची यादी देते. त्याच कलमात अशीही तरतूद आहे की घटनेनुसार जो कर राज्य विधानमंडळाला लावता येत नाही, तो लावण्याची मुभा या कलमाने महापालिकेला मिळत नाही. व्यवहारात बोलायचे तर राज्य हे मूळ भाडेकरू आणि महापालिका पोटभाडेकरू. मूळ भाडेकरूची खोली गेली की पोटभाडेकरूला वेगळी नोटीस लागत नाही. पुढचे सगळे समजायला एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

याचे रोजचे उदाहरण पगाराच्या पावतीवर सापडते. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यातल्या कामगाराचा व्यवसाय कर कापला जातो: महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. घटनेचे कलम २७६ हा कर राज्यासाठी किंवा महापालिकेसारख्या स्थानिक संस्थेसाठी लावण्याची मोकळीक देते. महाराष्ट्राने १९७५ साली कायदा केला आणि तो स्वतःकडे ठेवला. २,५०० ची कमाल मर्यादा मात्र संसदेने १९८८ च्या घटनादुरुस्तीने घातली आणि ती आजतागायत तिथेच अडकून पडली आहे. एकाच कपातीत दिल्लीचे कुलूप आणि मुंबईची तिजोरी दोन्ही दिसतात. नाशिकचा त्यात फक्त घाम.

दावा दुसरा: संसदेने नाशिकचा करकायदा मोडीत काढला

संसदेला एखाद्या शहराच्या महापालिकेचा कायदा थेट बदलता येतो, पण तो दिल्ली किंवा चंडीगडसारख्या केंद्रशासित प्रदेशात. २०२२ मध्ये संसदेने दिल्लीच्या तीन महापालिका एका कायद्याने एकत्र केल्या; दिल्लीकरांच्या मताला त्यात फारशी जागा नव्हती. नाशिकचे तसे होत नाही. 'स्थानिक शासन' हा घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्य सूचीतला, म्हणजे राज्याने कायदे करायच्या विषयांतला, पाचवा विषय आहे. आपल्या १९४९ च्या अधिनियमातला स्वल्पविरामसुद्धा लोकसभेला साध्या कायद्याने हलवता येत नाही.

संसदेने केले ते वेगळ्या वाटेने. १०१व्या घटनादुरुस्तीने राज्य सूचीतली ५२वी नोंद वगळली. स्थानिक क्षेत्रात वापरासाठी, उपभोगासाठी किंवा विक्रीसाठी आणलेल्या मालावरचा कर, म्हणजे आपली जकात, तिथे होती. ५५वी नोंद, म्हणजे जाहिरातींवरचा कर, तीही गेली. खोली मूळ भाडेकरूची गेली आणि पोटभाडेकरू आपोआप बाहेर पडला. दुरुस्ती १६ सप्टेंबर २०१६ ला लागू झाली. जुन्या विसंगत करकायद्यांना तिने एक वर्षाची मुदत दिली होती, पण १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हाच राज्याने ते आवरते घेतले.

मजकुरात एक गोष्ट सोयीस्करपणे गाळली आहे. सूचींमध्ये बदल करणारी घटनादुरुस्ती संसदेच्या दोन तृतीयांशाने भागत नाही. किमान निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांची संमती लागते. महाराष्ट्र विधानमंडळाने ती संमती २९ ऑगस्ट २०१६ ला खास अधिवेशन घेऊन दिली. तेव्हा 'दिल्लीने हिसकावले' म्हणताना मुंबईने हात वर केला होता हेही म्हणावे लागेल.

तरी या दाव्याच्या पोटात एक खरी तक्रार आहे आणि ती मजकुरापेक्षा जास्त गंभीर आहे. जीएसटीबाबतचे निर्णय घेणाऱ्या जीएसटी परिषदेत, घटनेच्या कलम २७९-अ प्रमाणे, केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागते. महापालिकांना तिथे खुर्ची नाही, मत नाही, निरीक्षक म्हणूनही जागा नाही. ज्यांचा सर्वांत मोठा कर काढून घेतला त्यांना विचारण्याची सोयच घटनेने ठेवलेली नाही. हे बेकायदा नाही. अन्याय्य आहे का, यावर बोलायला भरपूर वाव आहे.

आणि एक उलटी गोष्ट. याच दुरुस्तीने राज्य सूचीतली ६२वी नोंद नव्याने लिहिली. करमणुकीवरचा कर आता पंचायत, महापालिका अशा स्थानिक संस्था लावतील आणि वसूल करतील तेवढ्यापुरताच राज्य सूचीत उरला आहे. राज्याला तो स्वतःसाठी लावता येत नाही. फक्त शहरासारख्या स्थानिक संस्थांच्याच नावाने घटनेत लिहिलेला कर म्हणाल तर हा एवढाच, आणि तोही राज्याच्या कायद्याशिवाय हलत नाही. जकातीसाठी गळा काढणाऱ्या मजकुरात या नोंदीचा उल्लेख नाही, हे नवल आहे. जाहिरातीबाबतही फरक समजून घ्यावा: फलकांवर कर नाही, पण परवान्याचे शुल्क आकारता येते. आपल्या शहरातल्या होर्डिंगचे पैसे त्या वाटेने येतात. कर आणि शुल्क यांची सरमिसळ करून काढलेली मागणी न्यायालयात टिकत नाही. बिलावर कोणता शब्द छापला आहे यापेक्षा ती रक्कम कोणत्या कलमाखाली आकारली हे बघितले जाते.

दावा तिसरा: महासभेच्या ठरावाने जकात परत येईल

येणार नाही. कारण वर आलेच आहे. राज्यालाच तो कर लावता येत नाही. असा ठराव झाला तर त्याची अंमलबजावणी होण्याआधीच नगरविकास विभाग तो निलंबित करील.

पण जकातीचा इतिहास मजकूर सांगतो तसा नाही, म्हणून थोडे थांबू. नाशिकची जकात जीएसटीने गेली नाही. ती २०१३ मध्येच गेली, राज्याच्या निर्णयाने, आणि तिच्या जागी स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी आला. नाक्यावर गाडी अडवून घ्यायचा कर बंद झाला; व्यापाऱ्याने नोंदणी करून, खरेदीच्या हिशेबावरून तो स्वतः भरायचा. व्यापाऱ्यांचा विरोध राज्यभर झाला. मग १ ऑगस्ट २०१५ पासून राज्याने ५० कोटींपेक्षा कमी वार्षिक उलाढाल असलेल्या सगळ्यांना एलबीटीतून वगळले. ५० कोटी! नाशिकच्या मेनरोडवर, रविवार कारंजावर किंवा द्वारकेच्या आसपास ५० कोटींच्या वर उलाढालीची दुकाने मोजायला दोन्ही हातांची बोटे तरी लागतील का, याचा अंदाज वाचकांनीच करावा. जीएसटीच्या दोन वर्षे आधी, एका राज्य निर्णयाने, शहराचा मुख्य कर मूठभर मोठ्या कंपन्यांपुरता उरला. त्या दिवसापासून महापालिका मंत्रालयाच्या अनुदानाची वाट पाहू लागली. दिल्लीने उरलेले नेले. मोठा घास आधीच मुंबईत गेला होता.

एलबीटी अजून चालू आहे असाही गैरसमज आहे, आणि त्याला कारण आहे. सदनिका घेताना मुद्रांक शुल्काच्या हिशेबात एक टक्क्याची ओळ एलबीटी या नावाने येते. तो मालावरचा कर नव्हे. मुद्रांक शुल्कावर स्थानिक संस्थेसाठी घेतला जाणारा अधिभार आहे. नाव जुने राहिले, एवढेच.

दावा चौथा: भरपाई पाच वर्षांत संपली

इथे दोन वेगळे कायदे एकात मिसळले आहेत. पाच वर्षांची भरपाई केंद्राने राज्यांना दिली. तिचा पाया २०१५-१६ चा महसूल, वाढीची हमी दरसाल १४ टक्के, आणि मुदत ३० जून २०२२ ला संपली. महापालिकांना मिळणारी भरपाई राज्याच्या स्वतःच्या २०१७ च्या कायद्याखाली आहे. तिचा पाया २०१६-१७, वाढ दरसाल ८ टक्के चक्रवाढ. तिला ती पाच वर्षांची मुदत लागू नाही. २०२२ नंतरही शासन निर्णय निघत राहिले आणि हप्ते येत राहिले.

म्हणजे दावा चुकला. पण हिशेब केला की त्यामागचे दुखणे दिसते. पाया १०० रुपये धरा. ८ टक्क्यांनी २०२१-२२ ला ते सुमारे १४७ होतात आणि २०२५-२६ ला दुप्पट. राज्याने स्वतःसाठी जी हमी घेतली तिच्यात, २०१५-१६ चे १०० रुपये २०२१-२२ ला सुमारे २१९ झाले. स्वतःला १४, शहरांना ८. या एका ओळीवर कोणी मोर्चा काढला असता तर तो नेमक्या दारावर गेला असता.

त्याहून खोल नुकसान वाढीच्या दराचे नाही, तुटलेल्या दोरीचे आहे. जकात असताना अंबडला नवा कारखाना आला, कच्चा माल आला, तर शहराचे उत्पन्न त्याच महिन्यात वाढत असे. बाजारात मंदी आली तर घटत असे. शहर वाढले की तिजोरी वाढायची. आता २०१६-१७ च्या एका आकड्याला ८ ने गुणत जायचे. शहरात माल दुप्पट खपला काय किंवा निम्मा खपला काय, आकडा तोच. नवे कारखाने आणण्यात, बाजारपेठा सुधारण्यात महापालिकेचा थेट पैशाचा स्वार्थ उरला नाही. आणि हप्ता एखाद्या महिन्यात उशिरा आला तर ठेकेदारांची बिले, घंटागाड्यांचे पैसे, सगळे रांगेत उभे राहते.

दावा पाचवा: घरपट्टी दिल्लीमुळे वाढते आणि महासभा ती शून्य करू शकते

सर्वांत जास्त गोंधळ इथे आहे, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

घरपट्टीचा आकडा दोन गोष्टींच्या गुणाकाराने येतो. एक, करयोग्य मूल्य; दुसरी, कराचा दर. करयोग्य मूल्य असे काढतात: त्या भागासाठी, त्या प्रकारच्या बांधकामासाठी ठरवलेला दरमहा दर चौरस मीटरचा भाडेदर गुणिले क्षेत्रफळ गुणिले १२. आलेल्या वार्षिक भाडेमूल्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा. उदाहरणापुरते आकडे घेऊ. सदनिका ६० चौरस मीटर, भाडेदर २० रुपये. महिन्याचे १,२००, वर्षाचे १४,४००, दहा टक्के वजा जाता करयोग्य मूल्य १२,९६०. सगळे कर मिळून ४० टक्के धरले तर बिल ५,१८४ रुपये.

आता दराचा खटका ओढा: १८ टक्के दरवाढ, म्हणजे ४० चे ४७.२. बिल ६,११७. दर जागेवर ठेवून भाडेदर २० चा ४० केला तर बिल थेट १०,३६८. वर्तमानपत्रात दोन्हींना 'घरपट्टीवाढ' हाच एक शब्द वापरतात, पण दोन्ही खटक्यांवरचे हात वेगळे आहेत. दर ठरवण्याचा अधिकार महासभेचा. १९४९ च्या अधिनियमाच्या कलम ९९ प्रमाणे स्थायी समितीच्या प्रस्तावावर विचार करून पुढच्या वर्षाचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे. मिळकतीचे मूल्य ठरवणे हे मात्र अधिनियमाला जोडलेल्या कराधान नियमांखाली आयुक्तांचे काम.

२०१८ साली नाशिकने हे दोन्ही खटके एकाच वर्षात ओढलेले पाहिले. फेब्रुवारीत महासभेने घरपट्टीत १८ टक्के वाढ मान्य केली. मार्चअखेर तत्कालीन आयुक्त तुकाराम मुंढे यांनी १ एप्रिलपासूनच्या नव्या मिळकतींसाठी आणि मोकळ्या जागांसाठी भाडेमूल्याचे दर वाढवणारा आदेश काढला. महापालिका हद्दीतल्या शेतजमिनींचा प्रश्न त्यातून पेटला, महासभेने आदेश रोखायचा प्रयत्न केला, आणि हा आमचा अधिकार की तुमचा, यावरून दोन्ही बाजू कायद्याची पाने दाखवू लागल्या. ऑगस्टमध्ये आयुक्तांवर अविश्वास प्रस्ताव आला. कलम ३६ प्रमाणे आयुक्तांना परत पाठवायला एकूण नगरसेवकांच्या पाच अष्टमांश मते लागतात. १२२ जागांच्या सभागृहात ती ७७ होतात. मतदानाची वेळ आलीच नाही. मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून प्रस्ताव मागे घेतला गेला, आयुक्तांनी वाढ खाली आणली, आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची बदली झाली. या सगळ्या नाट्यात संसदेचा एकही संवाद नव्हता. पडदा उघडला तोही राज्याच्या कायद्याने, पाडला तोही राज्याच्या प्रमुखाने.

महासभेच्या ठरावावर राज्याची पकड कशी चालते, तेही पाहू. कलम ४५० अ खाली शासन धोरणात्मक सूचना देऊ शकते. कलम ४५१ त्याहून धारदार आहे. ठराव कायद्याविरुद्ध किंवा अधिकाराबाहेरचा आहे, त्याने लोकांना त्रास होईल किंवा शांतता बिघडेल असे शासनाला वाटले, तर पहिली पायरी निलंबन: अंमलबजावणी थांबते. दुसरी पायरी, महापालिकेला म्हणणे मांडायची संधी. तिसरी, विखंडन: ठराव रद्दच. महापालिकेच्या मुख्यालयात, राजीव गांधी भवनात, 'ठराव विखंडनाला पाठवला' हे वाक्य शिपायापासून सगळ्यांना पाठ असते. बऱ्याचदा विखंडनाचा प्रस्ताव आयुक्तांकडूनच जातो. नोकरभरतीचेही तसेच. आस्थापना खर्च, म्हणजे पगार वगैरेंचा खर्च, उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांवर गेला की भरतीची फाइल मंत्रालयात अडते. सफाई कामगार कमी पडतात ते इथे आणि मंजुरी तिथे.

आता शून्य घरपट्टी. अधिनियमाने सर्वसाधारण कर करयोग्य मूल्याच्या किमान १२ टक्के ठेवायला सांगितले आहे, त्याखाली महासभा जाऊ शकत नाही. माफी कोणाला, हे कलम १३२ सांगते: सार्वजनिक पूजाअर्चा, धर्मादाय काम अशा वापराच्या इमारती. 'छोटी घरे' त्यात नाहीत. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना माफी मिळाली, मग नाशिकला का नाही, असे विचारतात. मुंबईची माफी महापालिकेच्या ठरावाने पूर्ण झालेली नाही. मुंबईचा कायदा वेगळा, १८८८ चा. त्यात राज्याने दुरुस्ती केली. २०१९ मध्ये केवळ सर्वसाधारण कर माफ झाला, बाकीचे आठ-नऊ कर बिलात तसेच राहिले म्हणून बोंब झाली, आणि १ जानेवारी २०२२ पासून पूर्ण माफी आली. नाशिकला हवी असेल तर मागणी विधानमंडळाकडे करायची.

दिल्लीचा घरपट्टीवर हात आहे, पण तो मजकुरात लिहिलाच नाही. केंद्राच्या पैशाची वाटणी सुचवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाने शहरांच्या अनुदानाला अट घातली: राज्याने मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करायचे, आणि त्यानंतर वसुली राज्याच्या सकल उत्पन्नाच्या वाढीच्या बरोबरीने वाढलेली दाखवायची. सोबत लेखापरीक्षित हिशेब संकेतस्थळावर. हुकूम नाही, पण पैसे अडकवण्याची दोरी आहे, आणि ती हुकमापेक्षा घट्ट बसते.

बिलातली आणखी एक गंमत. शिक्षण कर आणि रोजगार हमी उपकर या ओळी राज्याच्या आहेत. महापालिका त्या वसूल करून शासनाकडे भरते. रोजगार हमीचा उपकर बिगरनिवासी मिळकतींवर असतो, शिक्षण कर घरांवरही. महापालिकेला शिव्या देताना बिलाचा हा तुकडा वेगळा काढून मगच द्याव्यात.

दावा सहावा: केंद्राच्या मिळकती दमडी देत नाहीत

अर्धसत्य. घटनेच्या कलम २८५ प्रमाणे केंद्र सरकारच्या मालकीच्या मिळकतीला राज्याचे आणि स्थानिक संस्थांचे कर माफ आहेत. रेल्वेला शिवाय १९८९ च्या रेल्वे अधिनियमाचे कलम १८४ आहे: केंद्राने अधिसूचना काढून संमती दिल्याशिवाय स्थानिक कर लागू नाही. नाशिकरोड स्थानकाच्या इमारतीला घरपट्टीचे बिल धाडून उपयोग नाही.

पण कर माफ म्हणजे सेवा फुकट नव्हे. २००९ मध्ये राजकोट महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर ठरले की केंद्राने सेवाशुल्क द्यायचे: महापालिकेच्या सगळ्या सेवा घेत असेल तर मालमत्ता कराच्या ७५ टक्के, काही सेवा घेत असेल तर ५० टक्के, काहीच थेट सेवा घेत नसेल तर ३३⅓ टक्के. त्यासाठी महापालिकेने आधी करार करावा लागतो, मिळकतीची मोजणी आणि कोणत्या सेवा दिल्या जातात याची यादी तयार ठेवावी लागते. करपात्र मूल्य ठरवलेच नाही तर त्याचे ७५ टक्के कशाचे काढणार? बहुतेक महापालिकांची गाडी इथेच रुतते.

नाशिकरोडच्या दोन्ही मुद्रणालयांचा प्रश्न आणखी निराळा. इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि करन्सी नोट प्रेस २००६ पासून भारत प्रतिभूती मुद्रण आणि मुद्रा निर्माण निगम या कंपनीकडे आहेत. कंपनी केंद्राच्या मालकीची असली तरी कायद्याच्या नजरेत ती वेगळी व्यक्ती असते. कंपनीची मिळकत म्हणजे केंद्राची मिळकत नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या १९८२ च्या निकालात म्हटले आहे. म्हणून 'केंद्राचे आहे, सोडा' म्हणून चालत नाही. जमीन कोणाच्या नावावर, इमारत कोणाच्या नावावर, हे सातबारा-मिळकत पत्रिकेवरून तपासून मगच कलम २८५ लावायचे. आणि देवळाली कॅम्प या यादीत घालूच नये. ती छावणी परिषद आहे, वेगळा कायदा, वेगळी हद्द; ती नाशिक महापालिकेत कधीच नव्हती.

जो हस्तक्षेप मजकुरात नाही

संसदेने शहराच्या करावर थेट, साध्या कायद्याने हात टाकल्याचे ताजे उदाहरण मजकुराला सापडलेच नाही. गच्चीवरचे मोबाइल टॉवर. डिसेंबर २०१६ मध्ये, अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने टॉवरला इमारत मानले आणि त्यावर मालमत्ता कर लावण्याचा अधिकार मान्य केला. महापालिकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मग संसदेने दूरसंचार अधिनियम, २०२३ केला. त्याचे कलम १४ म्हणते की एखाद्या मिळकतीवर उभारलेले दूरसंचार जाळे त्या मिळकतीचा भाग मानू नये, मालमत्ता कर, उपकर, शुल्क यांच्यासाठीसुद्धा नाही. २६ जून २०२४ पासून हे कलम लागू आहे. राज्य सूचीला हात न लावता, दूरसंचार हा आपला विषय म्हणून, संसदेने शहराच्या कराच्या कक्षेतून एक वस्तू उचलून बाजूला ठेवली. करवसुली विभागाने टॉवरची जुनी थकबाकी आणि जून २०२४ नंतरची मागणी एकाच नोटिशीत घातली तर पहिल्याच तारखेला अडचण येईल. दोन्ही कालखंडांचा हिशेब वेगळा मांडायला हवा.

संसदेवर टीका करायचीच तर इथे करावी. आणि न्यायाने बोलायचे तर तिने शहराला दिलेली एक हमीही सांगावी. घटनेचे कलम २४३-यू: महापालिकेची मुदत पाच वर्षे, आणि ती संपण्याआधी निवडणूक पूर्ण. नाशिकच्या महासभेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात निवडणूक जानेवारी २०२६ पर्यंत लांबली. मधल्या काळात कलम ९९ चा ठराव, स्थायी समितीचा प्रस्ताव आणि त्यावर विचार करणारी महासभा, हे तिन्ही एकाच प्रशासकाच्या टेबलावर होते. दर मांडणाराही तोच, तपासणाराही तोच, मंजूर करणाराही तोच. घटनेतली हमी दिल्लीची होती. ती मोडली महाराष्ट्रात.

स्वतःच्या बिलावर हरकत असेल तर व्हॉट्सअॅपवर पुढे पाठवण्यापेक्षा वेगळी वाट आहे. करयोग्य मूल्याची विशेष नोटीस आली की तीत दिलेल्या मुदतीत विभागीय कार्यालयात लेखी हरकत द्यायची आणि पोच घ्यायची. क्षेत्रफळ, वापराचा प्रकार, बांधकामाचा प्रकार, भाडेदराचा भाग, या चार नोंदी मंजूर नकाशाशी ताडून पाहायच्या. चुका बहुधा यांतच असतात, आणि पार्किंगची जागा चटईक्षेत्रात मोजल्याचे प्रकार निघतात. हरकतीचा निकाल पटला नाही तर कलम ४०६ खाली न्यायालयात अपील, पण १५ दिवसांत, आधी हरकत घेतलेली असली पाहिजे, आणि मागणीची रक्कम भरलेली असली पाहिजे. ही रक्कम 'वादग्रस्त आहे' म्हणून अडवून ठेवली की अपील दाखल होत नाही आणि दरमहा दोन टक्के शास्ती चढत राहते.